गोठलेल्या जहाजावरील भय : ‘क्रायोस्टेसिस’ या व्हिडिओ गेममधील शीत, उष्णता आणि भयानक रस

प्रास्ताविक

अध्यापकवर्गाच्या बोलण्यात व्हिडिओ गेमचा उल्लेख येतो तो बहुधा विद्यार्थ्यांच्या वाया जाणाऱ्या वेळेच्या संदर्भात. कादंबरी, संगीत नाटक आणि बोलपट यांच्याही वाट्याला आपापल्या काळी अशीच नाराजी आली होती. या तिन्ही प्रकारांचे साहित्यशास्त्र पुढे सिद्ध झाले. व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र तो विचार आपल्याकडे अजून प्राथमिक अवस्थेत आहे. या माध्यमाचा आशय कोठे शोधावयाचा, हाच मुळात प्रश्न आहे. तो कथानकात शोधला तर पुष्कळदा निराशा पदरी येते, कारण कथानके ठोकळेबाज असतात. तो खेळाच्या नियमांत शोधला तर काय हाती लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात एका विशिष्ट कृतीच्या आधारे केला आहे. ही कृती म्हणजे युक्रेनमधील कीव्ह येथील ‘अ‍ॅक्शन फॉर्म्स’ या संस्थेने निर्माण केलेला ‘क्रायोस्टेसिस : स्लीप ऑफ रीझन’ हा गेम. रशियात तो २००८ मध्ये आणि युरोप-अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

हा गेम ‘सर्व्हायव्हल हॉरर’ या वर्गात मोडतो. १९९६ मधील ‘रेसिडेंट ईव्हिल’ या जपानी गेममुळे ही संज्ञा रूढ झाली. अपुरी साधने, बंदिस्त जागा आणि सतत पाठीशी असलेला मृत्यू ही या प्रकाराची लक्षणे होत. यात खेळाडू पराक्रम गाजवीत नाही, तो कसाबसा तग धरतो. म्हणून त्यास ‘तगण्याचा भयखेळ’ असे म्हणता येईल.

पार्श्वभूमी : ध्रुवप्रदेशाची सोव्हिएत गाथा

गेमचा नायक अलेक्झांडर नेस्तेरोव्ह हा सोव्हिएत हवामानशास्त्रज्ञ आहे. उत्तर ध्रुवाजवळ गोठून पडलेल्या ‘नॉर्थ विंड’ नावाच्या अणुशक्तीवर चालणाऱ्या आइसब्रेकरवर, म्हणजे समुद्रावरील बर्फ फोडून वाट काढणाऱ्या जहाजावर, तो येऊन पोहोचतो. जहाजावर कोणी जिवंत नाही. पुढील सर्व कथा त्या जहाजाच्या पोटात घडते.

स्थळाची ही निवड समजून घेण्यासाठी सोव्हिएत संस्कृतीत ध्रुवप्रदेशाला असलेले स्थान लक्षात घ्यावे लागते. १९३४ च्या फेब्रुवारीत ‘चेल्युस्किन’ हे जहाज बर्फाच्या दाबाने फुटून बुडाले. ओटो श्मिट यांच्या नेतृत्वाखाली शंभराहून अधिक माणसे तरंगत्या बर्फावर तंबू ठोकून राहिली आणि वैमानिकांनी त्यांची सुटका केली. ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब प्रथम देण्यात आला तो या वैमानिकांना. १९३७ मध्ये इव्हान पापानिन आणि त्यांचे तीन सहकारी ‘उत्तर ध्रुव-१’ या तरंगत्या केंद्रावर उतरले आणि २७४ दिवस बर्फाबरोबर वाहत राहिले. १९५७ मध्ये जलावतरण झालेले आणि १९५९ मध्ये सेवेत आलेले ‘लेनिन’ हे जगातील पहिले अणुशक्तीचलित पृष्ठभागावरील जहाज आइसब्रेकरच होते. १९८९ मध्ये ते निवृत्त झाले आणि पुढे मुर्मान्स्क येथे त्याचे संग्रहालय करण्यात आले. १९७७ च्या ऑगस्टमध्ये ‘आर्क्टिका’ उत्तर ध्रुवापर्यंत जाऊन पोहोचले. पृष्ठभागावरून जाणारे कोणतेही जहाज त्यापूर्वी तेथवर गेले नव्हते.

या साऱ्या इतिहासात बर्फ हा जिंकावयाचा शत्रू आहे आणि अणुभट्टी ही जणू कधीही न विझणारी चूल. ‘क्रायोस्टेसिस’मध्ये ती चूल विझलेली आहे. मानवाने निर्माण केलेल्या सर्वाधिक शक्तिशाली उष्णतास्रोताच्या भोवती माणसे थंडीने गोठून मेली आहेत. सोव्हिएत राज्य विलयास गेल्यानंतर दोन दशकांच्या आत कीव्हमधील कलावंतांनी हे चित्र रेखाटावे, यातील उपरोध सहज ध्यानात येण्यासारखा आहे.

उद्दीपनाकडून आलंबनाकडे

बर्फाळ प्रदेशातील भयकथेची पाश्चात्त्य परंपरा दीर्घ आहे. एच. पी. लव्हक्राफ्ट यांची अंटार्क्टिकावरील ‘अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’ ही दीर्घकथा १९३६ मध्ये प्रसिद्ध झाली. जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल यांच्या १९३८ मधील ‘हू गोज देअर?’ या कथेवरून जॉन कार्पेंटर यांनी १९८२ मध्ये ‘द थिंग’ हा चित्रपट केला आणि त्या चित्रपटावर २००२ मध्ये त्याच नावाचा गेमही निघाला. स्वीडनच्या ‘फ्रिक्शनल गेम्स’चा ‘पेनम्ब्रा : ओव्हर्चर’ हा २००७ चा गेम ग्रीनलंडमध्ये घडतो, परंतु तेथे थंडीचा संबंध आरंभापुरताच. नायक खाणीत उतरला की ती मागे पडते.

रसशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर, या बहुतेक कृतींत भयानक रसाचा आलंबन विभाव एखादा विचित्र जीव असतो आणि थंडी हा उद्दीपन विभाव. बर्फ पळण्याची वाट बंद करतो, माणसांना एकाकी पाडतो, भय वाढवितो. भीती मात्र वाटते ती त्या जीवाची. श्मशानातील रात्र, ओसाड वाडा, घुबडाचा घूत्कार यांचे आपल्या भयकथांत जे कार्य, तेच येथे बर्फाचे. ‘क्रायोस्टेसिस’मध्ये ही मांडणी उलटते. थंडी हीच भयाचे आलंबन बनते, आणि अंगावर धावून येणारी विद्रूप माणसे तिची रूपे ठरतात. हा बदल संवादांतून वा वर्णनांतून घडविलेला नाही. तो एका नियमाने घडतो.

उष्णतेचा नियम

सामान्यतः अशा खेळांत नायकाची प्राणशक्ती आकड्याने किंवा पट्टीने दर्शवितात. जखम झाली की ती घटते आणि औषधाची पेटी उचलली की वाढते. ‘क्रायोस्टेसिस’मध्ये औषधाच्या पेट्या नाहीत. नायकाच्या देहातील उष्णता हीच त्याची प्राणशक्ती. कुऱ्हाडीचा घाव बसला तर उष्णता घटते. गारठलेल्या दालनात नुसते उभे राहिले तरी ती हळूहळू घटते. ती परत मिळविण्याचा उपाय एकच : जळता दिवा, तापलेले यंत्र, पेटलेली शेगडी असे काही शोधावयाचे आणि त्याच्याजवळ हात शेकीत उभे राहावयाचे. कमी तापमानाच्या स्रोतापाशी कितीही वेळ थांबले तरी देह पूर्णपणे ऊबदार होत नाही. म्हणून एक लुकलुकता विजेचा दिवा सोडून पुढच्या अंधारात पाऊल टाकणे हा येथे खराखुरा निर्णय ठरतो.

शरीरशास्त्राच्या कसोटीवर हा नियम टिकणारा नाही, हे उघड आहे. माणसाच्या देहाचे आंतरिक तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. ते ३५ अंशांच्या खाली उतरले की अल्पतापाची अवस्था सुरू होते. आरंभी काकडणे वाढते. तापमान आणखी बरेच घसरले की ते उलट थांबते आणि बुद्धीवर झापड येते. कित्येकदा अखेरच्या टप्प्यात माणूस अंगावरचे कपडे काढून टाकतो, कारण त्याला गरम होत असल्याचा भास होतो. अशा देहाला ऊब सावकाशपणे व जपून द्यावी लागते. दिव्यासमोर क्षणभर हात धरून तो सावरत नाही, आणि कुऱ्हाडीची जखम तर शेकून मुळीच भरत नाही. तेव्हा हा नियम वास्तवाची नक्कल म्हणून न पाहता रूपक म्हणून पाहिला पाहिजे. जखम आणि थंडी एकाच मापाने मोजल्यामुळे शत्रू आणि हवामान यांतील भेद पुसला जातो. गोठलेला खलाशी कुऱ्हाड उगारतो तेव्हा तो रक्त काढीत नाही, ऊब काढून घेतो.

मराठी वाचकाला या अनुभवाचा अंदाज शेकोटीवरून येऊ शकेल. पौषातल्या पहाटे शेकोटीभोवती बसलेल्या माणसाची छाती तापते आणि पाठ गारच राहते. उठून दोन पावले गेले की मिळविलेली ऊब गेली. या गेममध्ये तासन् तास तेच घडते. भरतमुनींनी भयानक रसाचे अनुभाव म्हणून हातापायांचे कापणे, स्वरभेद, वैवर्ण्य इत्यादी सांगितले आहेत. योगायोगाने थंडीची लक्षणेही बरीचशी हीच. नायकाच्या थरथरत्या हातांकडे पाहताना तो घाबरला आहे की गारठला आहे हे ठरविता येत नाही, आणि कलावंतांनी ही संदिग्धता मुद्दाम राखलेली दिसते.

उष्णतेचा नियम केवळ नायकापुरता राहत नाही. एखादे यंत्र सुरू झाले की दालनातील बर्फ वितळू लागतो, भिंतींवरून पाणी ओघळते, आणि काही क्षणांपूर्वी पांढरे व मृत वाटणारे दालन पुन्हा माणसांनी वावरलेली जागा वाटू लागते. टेबल, खुर्च्या, रंग उडालेल्या भिंती दिसू लागतात.

मृतांच्या स्मृतीत प्रवेश

गेमचा दुसरा महत्त्वाचा नियम म्हणजे नायकाची एक अद्भुत शक्ती. मृतदेहाला स्पर्श करून तो त्या माणसाच्या अखेरच्या क्षणांत शिरतो, त्याच्या देहाने वावरतो आणि त्या वेळी जे चुकले ते दुरुस्त करण्याचा प्रयत्न करतो. प्रयत्न फसला तर पुन्हा आरंभापासून. साधला तर भूतकाळ बदलतो आणि त्याबरोबर वर्तमानही. बंद पडलेली वाट मोकळी होते. पहिल्या नजरेस हे कोडे सोडविण्याचे तंत्र वाटते आणि काही ठिकाणी ते तितकेच आहे. परंतु त्याचा संचित परिणाम निराळा होतो.

ज्या विद्रूप आकृत्यांशी खेळाडू झुंजतो, त्या याच जहाजावरील खलाशांच्या आहेत. एका दालनात ज्यांचे भय बाळगावयाचे, पुढच्या दालनात त्यांच्यापैकीच एकाच्या डोळ्यांनी पाहावयाचे. त्या माणसाचा गुन्हा बहुधा मोठा नसतो. क्षणभराची भीती, उशिरा उचललेले पाऊल, दुसऱ्याचा विचार न सुचणे, एवढेच. स्थायीभाव भय असलेला अनुभव अशा रीतीने शोकाकडे वळतो. भयानकातून करुण निष्पन्न होतो. बीभत्साच्या आहारी गेलेल्या या प्रकारात असे संक्रमण विरळा.

गेमचे उपशीर्षकही येथे अर्थपूर्ण ठरते. स्पॅनिश चित्रकार गोया यांच्या १७९९ मधील ‘लोस काप्रिचोस’ या मालिकेत एक प्रसिद्ध चित्र आहे. त्यात मेजावर डोके टेकून झोपलेल्या माणसाभोवती घुबडे व वटवाघळे जमली आहेत, आणि विवेक निद्रिस्त झाला की राक्षस जन्मास येतात अशा आशयाचे वाक्य त्यावर कोरलेले आहे. जहाजावरील राक्षस बाहेरून आलेले नाहीत. कप्तान आणि त्याचे अधिकारी यांच्यातील विश्वास तुटला आणि त्या तुटण्यातून हे गोठणे आले, हे खेळाडूला तुकड्यातुकड्यांनी कळत जाते.

डांकोचे हृदय

जहाजात ठिकठिकाणी एका कथेची पाने सापडतात. मक्सीम गॉर्की यांच्या १८९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘म्हातारी इझेर्गिल’ या कथेतील डांकोच्या आख्यायिकेवर ती आधारलेली आहे. गॉर्की हे नाव मराठी साहित्यविचाराला परके नाही. अण्णा भाऊ साठे यांच्या संदर्भात ते वारंवार घेतले जाते. परंतु ज्या गॉर्कीशी आपला परिचय आहे तो वास्तववादी गॉर्की होय. डांकोची कथा त्यांच्या आरंभीच्या स्वच्छंदतावादी काळातील आहे. शत्रूंनी घनदाट अरण्यात हाकललेल्या टोळीला डांको हा तरुण बाहेर नेऊ लागतो. वाटेत लोक थकतात, त्यालाच दोष देतात, त्याच्या जिवावर उठतात. तेव्हा तो आपली छाती फाडून जळते हृदय वर धरतो आणि त्या प्रकाशात सर्वांना बाहेर काढून स्वतः मरून पडतो. एक सावध माणूस त्या हृदयावर पाय ठेवतो, आणि त्याच्या ठिणग्या होतात.

कप्तानाची शोकांतिका समजण्यास ही कथा गेममधील संवादांपेक्षा अधिक उपयोगी पडते. मात्र तिचे खरे कार्य वेगळे आहे. दिव्यापाशी हात शेकीत उभ्या असलेल्या खेळाडूला दर क्षणी उष्णतेची किंमत कळलेली असते. अशा वेळी एका माणसाने स्वतःची उष्णता दुसऱ्यांसाठी उधळल्याचे तो वाचतो, आणि कथेतील अलंकार त्याच्यापुरता अलंकार राहत नाही. गॉर्कींची ही कथा पुस्तकात वाचताना काहीशी भडक वाटते. या जहाजात ती भडक वाटत नाही.

काही मर्यादा

ही कृती निर्दोष नाही. हालचाली संथ आहेत, आणि उत्तरार्धात बंदुका हाती आल्यावर थंडीचे भय पातळ होऊन गेम चाकोरीतल्या लढाईकडे झुकतो. शेवटाकडील पौराणिक प्रतीकयोजना अनावश्यक वाटते. तोवर जे सूचित होते, ते तेथे उघड करून सांगितले जाते. प्रसिद्धीच्या वेळी त्या काळातील बहुतेक संगणकांना हा गेम पेलत नव्हता, कारण वितळणारे पाणी दाखविण्यासाठी ‘फिजेक्स’ या विशिष्ट तंत्रावर तो विसंबून होता. असे तंत्र जुने झाले की कृती चालविणेच दुष्कर होते. जीर्ण पोथी निदान उघडता तरी येते.

वर्गात अशा कृतीचा अभ्यास करावयाचा झाल्यास खेळाचे चित्रीकरण पडद्यावर दाखविणे हा सोपा मार्ग सुचतो. त्यात एक अडचण आहे. चित्रीकरण पाहणाऱ्यास जहाज दिसते, बर्फ दिसतो, गोठलेले खलाशी दिसतात. परंतु खेळणारा एका मिणमिणत्या दिव्यासमोर काही न करता इतका वेळ का उभा आहे, हे त्याला समजत नाही. ते दृश्य त्याला कंटाळवाणे वाटते आणि तो पुढचा भाग लावण्यास सांगतो.