लिहून ठेवलेली उत्स्फूर्तता

निकोलाय कापुस्तिनच्या ओपस ४० मधलं पहिलं एट्यूड, म्हणजे वादनकौशल्याचा कस पाहणारी छोटी रचना, लावलं, तर कुणालाही वाटावं की पियानोवर बसलेला माणूस आत्ता सुचेल तसं वाजवतो आहे. उजवा हात ठोक्याला हुलकावणी देत पुढे पळतो, डावा हात त्याला गाठतो, आणि मध्येच अशी एखादी जागा येते की ती सापडल्याचा आनंद वादकालाच झाला असावा. प्रत्यक्षात यातला एकूण एक स्वर १९८४ साली कागदावर उतरलेला आहे. जोर कुठं द्यायचा, कुठला स्वर पुढच्या मात्रेत ओढून न्यायचा, सगळं नोंदलेलं. न्यूयॉर्कच्या एखाद्या क्लबातली रात्र वाटावी असं हे संगीत मॉस्कोतल्या एका अबोल गृहस्थानं टेबलाशी बसून लिहिलं.

आणि तो स्वतःला जॅझवाला म्हणवून घेत नसे. तत्क्षणी सुचवून वाजवण्यात मला रस नाही, आणि त्याशिवाय कसला जॅझ वादक, असं तो मुलाखतीत सरळ सांगे. आपली उपज आपण लिहून काढतो आणि लिहिल्यानं ती सुधारते, असंही त्याचं म्हणणं होतं. ख्यालावर वाढलेल्या कानांना हे पचायला जड जातं. पाठ केलेल्या ताना हा आपल्याकडे गवयाचा उणेपणा मानला जातो. मग कापुस्तिन ऐकताना अंगावर काटा का येतो?

त्याचा जन्म १९३७ चा, युक्रेनमधल्या होर्लिव्का या खाणगावातला. युद्धामुळे बालपणाचा काही काळ किर्गिझस्तानातल्या तोकमोकमध्ये गेला. पुढे मॉस्कोत त्याला अव्रेलियन रुबाख हे गुरू भेटले. रुबाख हे फेलिक्स ब्लूमेनफेल्ड यांचे शिष्य, म्हणजे व्लादिमिर होरोवित्झचे गुरुबंधू. त्यानंतर मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत अलेक्झांडर गोल्डनवाइझर: ऐन तारुण्यात टॉलस्टॉयच्या घरी जाऊन पियानो वाजवणारे आणि त्याच्याशी बुद्धिबळ खेळणारे, आता ऐंशी ओलांडलेले. इतकी जुनी, इतकी सोवळी तालीम चालू असताना दुसरीकडून जॅझ कानावर येत होता. १९५५ पासून व्हॉइस ऑफ अमेरिकेवर विलिस कोनोव्हर जॅझचा कार्यक्रम करत असे आणि सोव्हिएत तरुण तो रेडिओला कान लावून ऐकत. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस तिथं जॅझ हे शत्रूचं संगीत ठरलं होतं. आता वारं थोडं सैल झालं होतं. १९५७ मध्ये, विद्यार्थी असतानाच, कापुस्तिननं ओपस १ रंगमंचावर आणलं. ते जॅझच्याच वळणाचं होतं.

१९६१ मध्ये पदवी घेतल्यावर तो ओलेग लुंडस्ट्रेमच्या जॅझ वाद्यवृंदात दाखल झाला आणि अकरा वर्षं तिथं राहिला. या वाद्यवृंदाची कहाणीच वेगळी: १९३४ साली चीनमधल्या हार्बिन शहरात रशियन तरुणांनी तो उभा केला, शांघाय गाजवलं आणि १९४७ मध्ये सगळे मायदेशी परतले. ही अकरा वर्षं, माझ्या मते, कापुस्तिनची दुसरी कॉन्झर्व्हेटरी. ट्रम्पेटांचा ताफा एकदम कसा कोसळतो, सॅक्सोफोन त्याला उत्तर कसं देतात, खाली बास कसा प्रत्येक मात्रेवर पाऊल टाकत चालतो, हे त्यानं आतून ऐकलं आणि पुढे दहा बोटांत बसवलं. त्याचं पियानोलेखन इतकं दाट का, याचं उत्तर इथं आहे. एकच माणूस अख्खा बँड वाजवत असतो.

पण खरी किमया रचनेत आहे. जॅझमध्ये बहुधा एकच स्वरसंगतींचं आवर्तन फिरत राहतं आणि त्यावर वादक आपापली भर घालतात. कापुस्तिन जॅझची बोली घेतो आणि हे आवर्तन सोडून देतो. त्याच्या सोनाटात विषय बेटोव्हनच्या पद्धतीनं मांडला जातो, मोडला जातो, परक्या स्वरपट्ट्यांत हिंडतो आणि घरी परततो. १९७७ च्या ओपस २८ मध्ये तर त्यानं बाखच्या काळची नृत्यमालिकाच घेतली: आलमांद, गावोत, साराबांद, बुरे, जीग. क्रम जुना, चाल जुनी, आणि प्रत्येक मात्रेत स्विंग, म्हणजे जॅझची झुलती लय. समेच्या किंचित आधी किंवा नंतर स्वर ठेवून आपले तबलजी अतीत-अनाघाताची जी गंमत करतात, तीच इथं सोळाव्या भागाच्या स्वरांत काटेकोर लिहिलेली दिसते. वाचून वाजवणाऱ्याचा पाय मात्र आपोआप हलला पाहिजे, नाहीतर सगळे स्वर बरोबर येऊनही संगीत मेलेलं राहतं.

१९८० मध्ये तो संगीतकार संघाचा सभासद झाला, हळूहळू मंचावरून दूर झाला आणि लिहीत राहिला. २० पियानो सोनाटा, ६ पियानो कॉन्चेर्टो, एकूण १६१ ओपस. बाहेरच्या जगाचं लक्ष उशिरा गेलं. २००० मध्ये स्टीव्हन ऑस्बोर्न आणि २००४ मध्ये मार्क-आंद्रे हॅमलिन या पियानोवादकांच्या ध्वनिमुद्रणांनी मोठा फरक पडला. २०२० मध्ये मॉस्कोत तो गेला, तोवर जगभरचे विद्यार्थी त्याची एट्यूड्स घोकत होते.

लिहिल्यानं नेमकं काय मिळतं, हे कळायला १९९७ चं ओपस ८२ ऐकावं: सगळ्या २४ स्वरपट्ट्यांतली प्रेल्यूड आणि फ्यूग. फ्यूगमध्ये एका आवाजात विषय येतो, मग दुसरा आवाज तोच विषय पाचव्या स्वरावरून उचलतो, मग तिसरा, आणि आधीचे गप्प बसत नाहीत. १७४७ मध्ये प्रशियाच्या फ्रेडरिक राजानं दिलेल्या विषयावर बाखनं जागच्या जागी तीन आवाजांची फ्यूग वाजवली होती. सहा आवाजांची मागितली, तेव्हा त्या विषयावरची फ्यूग त्यालाही घरी जाऊन लिहावी लागली. कापुस्तिनच्या फ्यूगमध्ये हे सगळे आवाज स्विंगमध्ये चालतात. पहिल्यांदा ऐकताना फक्त विषय लक्षात ठेवायचा आणि तो कुठून परत येतो तिकडं कान लावायचा. बहुतेक वेळा तो डाव्या हातात, खालच्या पट्टीत, आपलं लक्ष वर असतानाच सुरू झालेला असतो.