दगडाला पाझर फोडणारे

ऐका पोट्ट्यांनो. लवणासुराला विष्णूनं आपल्या लोणारला मारलं, म्हणून तिथं दैत्यसूदनाचं देऊळ. भूशास्त्रवाले म्हणतात, वरून उल्का आदळली अन् पावणेदोन किलोमीटरांहून रुंद विवर पडलं. दोन्ही गोष्टी सांगायला मला आवडतात, पण आज बोलायचं ते उल्का ज्यावर आदळली त्या काळ्या दगडाबद्दल, बसाल्टबद्दल. चंद्रावर आणि मंगळावर हाच दगड पसरलाय. म्हणून तर लांबलांबचे अभ्यासक लोणारला येतात.

हा दगड फोडायला सुरुंग लागतो. पण त्यातला धातू काढायला डोळ्यांना न दिसणारा जीवही पुरतो, हे कोण मानेल? आजी चिंचेनं पितळेचा तांब्या घासते ना, तसंच थोडंफार. आंबट लागलं की धातू सुटतो. १९४७ साली अमेरिकेत कोळसा खाणीच्या आंबट पाण्यात असा एक जिवाणू सापडला. लोह अन् गंधक हेच त्याचं जेवण! तो जेवतो आणि खनिजात अडकलेलं तांबं पाण्यात उतरतं. चिलीत तर हलक्या प्रतीच्या खनिजाचे ढीग रचून जिवाणूंकडून हे काम करून घेतात.

हेच अवकाशात जमेल का, हे पाहायला २०१९ मध्ये बसाल्टचे तुकडे आणि तीन जातींचे जिवाणू अवकाश स्थानकात पाठवले. त्यातल्या स्फिंगोमोनासनं वजनरहित अवस्थेतही दगडातून दुर्मीळ मृदा धातू सोडवले. तुमच्या मोबाइलच्या स्पीकरमध्ये असतात ना, ते.

मग माणसाची खोडी सुरू झाली. ग्लुकोनोबॅक्टर नावाचा जिवाणू साखरेपासून आम्ल करतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी त्याची जनुकं एकेक करून बंद पाडून पाहिली. २०२१ मध्ये त्यांनी सांगितलं, की फॉस्फेट आत आणणारी जनुकं बंद पाडली तर धातू १८ टक्क्यांपर्यंत जास्त निघतो. फॉस्फेटची टंचाई आली असं समजून बिचारा आणखी आंबट सोडत असावा. फसवणूकच म्हणा ना!

"मग सोडू या का त्याला आपल्या लोणारच्या विवरातल्या तळ्यात, आबा?"

अरे, तळ्याचं पाणी कसलं खारं अन् अल्कधर्मी! याचं आम्ल तिथं पडताक्षणी मारलं जाईल. तिथले रहिवासी सूक्ष्मजीव वेगळेच. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं होतं ना? ती त्यांचीच करामत. पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं. त्यांना दगडाशी काही देणंघेणं नाही. पाऊस लांबून पाणी आटलं, मीठ वाढलं, की त्यांची चंगळ.