मूठ, मुष्टी आणि मुष्टियुद्ध

आमच्या शेजारची बारा वर्षांची मुलगी परवा एक अर्ज घेऊन आली. तिला बॉक्सिंग शिकायचंय, पण वडील सही करीनात. त्यांचं म्हणणं, ‘ही तर निव्वळ मारामारी!’ मी पडलो भाषेचा शिक्षक. म्हटलं, आधी शब्दाला विचारू.

बॉक्सिंगसाठी आपला जुना शब्द आहे ‘मुष्टियुद्ध’. मुष्टी म्हणजे मूठ. संस्कृतातल्या अष्टचं आठ झालं, ओष्ठचा ओठ झाला, तशीच प्राकृतातल्या ‘मुट्ठि’वरून मुष्टीची मूठ झाली. फारसीतला ‘मुश्त’ हा तिचाच भाऊबंद. आपल्या शहरात उर्दू बोलणारे एकरकमी पैशाला ‘यकमुश्त’ म्हणतात, ते त्यावरूनच. पाश्चात्त्यांकडेही तोच प्रकार. लॅटिनमध्ये मूठ म्हणजे ‘पुग्नुस’ आणि मुठीने लढणारा तो ‘पुगिल’. इंग्रजीतला ‘प्युजिलिस्ट’ त्यावरूनच आला.

आपल्याकडे मूठ केवळ मारण्यासाठी नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, पेरणीला मूठ धरतात, आणि घरोघरी मूठभर धान्य बाजूला काढून शाळा-वसतिगृहांसाठी ‘मुष्टिफंड’ही उभे राहिले. मार द्यायचा झाला तरी मराठी माणूस त्याला ‘मुष्टिमोदक’ म्हणून गोड करतो!

भागवतात कंसाच्या आखाड्यातल्या एका मल्लाचं नावच मुष्टिक आहे. त्याने बलरामावर मुठीने प्रहार केला. बलरामाने त्याला उघड्या तळहाताने मारलं आणि तो कोसळला. आजच्या रिंगणात मात्र पंचांनी बलरामालाच ताकीद दिली असती! कारण बॉक्सिंगमध्ये उघड्या पंजाने मारणं हा नियमभंग आहे. प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवता येत नाही, कमरेखाली मारता येत नाही. फटका मिटलेल्या मुठीच्या पुढच्या भागानेच बसावा लागतो. मल्लयुद्धात पकड महत्त्वाची. इथे पकडणारा हातच मिटून घ्यायचा. म्हणजे खेळाचा पहिला नियम त्याच्या नावातच आहे.

मारामारीला नियम नसतात, खेळाला असतात. हातमोजे सक्तीचे करणारे क्वीन्सबेरी नियम 1867 मध्ये प्रसिद्ध झाले. ऑलिंपिकमध्ये महिलांचं बॉक्सिंग 2012 मध्ये लंडनला आलं आणि त्याच वर्षी मेरी कोमने कांस्यपदक मिळवलं.

हे सारं मी त्या मुलीच्या वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, ‘गुरुजी, शब्द पटला. पण पोरीच्या नाकावर बसला तर?’ बापाची ही काळजी खोटी नाही. तिचं उत्तर कोणत्याच कोशात नाही. मी एवढंच म्हटलं, ‘एक दिवस तिच्याबरोबर सरावाला जा, डोक्याला काय बांधतात, थांबा कधी म्हणतात, ते बघा आणि मग ठरवा.’

काल ते जाऊन आले. सही अजून झालेली नाही, पण मुलीला सकाळी मूठ कशी मिटायची ते दाखवताना मी त्यांना पाहिलं. अंगठा बोटांच्या आत नाही, बाहेर!