बरणींतील बाळंतीण

घर झाडतांना कोळिष्टकें काढावयाचीं हा आपल्याकडील गृहिणींचा जुना नेम आहे, व तो मोडावा असें सांगण्याचा आमचा मुळींच उद्देश नाहीं. परंतु कुंच्याच्या त्याच फटकाऱ्यांत घरांतील एक असा जीव सांपडतो कीं, कोळिष्टकांशीं ज्याचा कांहींएक संबंध नसतो. खिडकीच्या गजांवर, दिव्याजवळच्या भिंतीवर, देव्हाऱ्याच्या महिरपीवरसुद्धां, नखाएवढा, करड्या-तपकिरी रंगाचा एक कोळी थांबत थांबत धांवतांना वाचकांनीं पाहिला असेल. बोट जवळ नेलें तर इतर कोळ्यांप्रमाणें तो फटींत पळत नाहीं. गर्रकन वळून आपल्याकडे पाहूं लागतो. हा जाळें विणीत नाहीं. मांजराप्रमाणें दबा धरून, अंतर जोखून, तो माशीवर उडी घालतो. त्याची मादी अंडीं घालण्याच्या दिवसांत घरांत बाळगली तर तिची निगा कशी राखावी, आणि विशेषतः काय करूं नये, हें सांगण्याकरितां हा लेख लिहिला आहे.

दत्तात्रेयांनीं ज्या चोवीसांना गुरु मानिलें त्यांत ऊर्णनाभि म्हणजे कोळी आहे, आणि मुंडकोपनिषदांत अक्षरापासून विश्व उत्पन्न होतें त्याला कोळ्याच्या सूत्राचाच दृष्टांत दिलेला आहे. आमचा हा भिंतीवरचा कोळी त्या जाळें विणणाऱ्या आचार्यांच्या भाऊबंदांपैकीं. सूत त्याच्याहि पोटांत आहे, पण त्याचा विनियोग निराळा. उडी घालण्यापूर्वीं एक तंतु तो पायाखालच्या भिंतीला चिकटवितो. म्हणजे उडी चुकली तरी गडी दोरावर लोंबकळत राहतो व त्याच दोरानें वर येतो. दुसरा विनियोग घरट्याचा. निजण्यास, कात टाकण्यास आणि अंडीं घालण्यास तो रेशमाची पिशवी विणतो.

शास्त्रज्ञ ह्या कुलाला ‘साल्टिसिडी’ म्हणतात. त्याच्या सहा हजारांहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या असून कोळ्यांचें एवढें मोठें कुल दुसरें नाहीं. त्यांत महाराष्ट्राचाहि वांटा आहे. ठाणें-कल्याण भागांत सांपडलेल्या एका नव्या जातीला २०२१ सालीं ‘आयसियस तुकारामी’ हें नांव देण्यांत आलें. २००८ सालच्या मुंबईवरील हल्ल्यांत अतिरेक्याच्या बंदुकीची नळी धरून ठेवतांना ज्यांनीं प्राण वेचले, त्या तुकाराम ओंबळे ह्यांचें तें स्मारक होय. घरांत मात्र पुष्कळदां भेटतो तो ‘प्लेक्सिपस पेकुली’. ऑदुआँ नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८२६ सालीं त्याचें वर्णन केलें, आणि आज तो मनुष्यवस्तीच्या आश्रयानें जगांतील बहुतेक उष्ण प्रदेशांत पसरलेला आहे. नर काळा, अंगावर पांढरे पट्टे ओढलेला, मोठा नखरेबाज; मादी त्याच्याहून किंचित् थोर, सुमारें एक सेंटिमीटर लांबीची, तपकिरी, पाठीवरून मधोमध फिकट पट्टा गेलेली. कोळीण ह्या शब्दानें वाचकांच्या डोळ्यांपुढें मासळीची टोपली उभी राहील हें आम्ही जाणतों. पण मादीला दुसरें सुटसुटीत नांव आपल्या भाषेंत नसल्यामुळें तेंच पतकरलें आहे.

अमेरिकेंत व युरोपांत ह्याच कुलांतील ‘फिडिपस रेजियस’ नांवाची केसाळ, टपोऱ्या डोळ्यांची जात हौसेनें पाळतात. ती मूळची अमेरिकेच्या आग्नेय भागांतील व जवळच्या बेटांवरील. ती पाहून आपल्याकडेहि असा परदेशी पाहुणा पैसे देऊन आणण्याचा मोह कोणास झाला, तर आमचें मत त्याच्या विरुद्ध आहे. दूरदेशींचा प्राणी येथील बागेंत सोडतां येत नाहीं, आणि साठ पिल्लें झालीं म्हणजे त्यांचें करावयाचें काय हा प्रश्न उभा राहतो. भिंतीवर फुकट मिळणारी कोळीण सोयीची. काम झालें कीं तिला तिच्या भिंतीवर परत ठेवतां येतें.

भीतीविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. अंगावर रात्रींतून फोड उठले कीं कोळ्यानें घाण केली असें म्हणण्याची चाल घरोघरीं आहे. ते फोड बहुधा दिव्यावर येणाऱ्या एका लहानशा, लांबट भुंगेऱ्याचा रस कातडीला लागल्यामुळें उठतात. कधीं तो नागिणीचा विकार असतो. कोळी त्यांत निरपराध आहे. हा उड्या मारणारा कोळी चिमटींत चेंगरला तरच चावतो, आणि त्या चाव्यानें मोठ्या माणसास इजा होते असें नाहीं. तरीहि त्याला हातांत घेऊं नये, त्याच्याकरितां.

ह्या प्राण्याचें सारें जीवित डोळ्यांवर अवलंबून आहे. डोळे आठ, त्यांपैकीं पुढचे मधले दोन सर्वांत मोठे. त्यांचीं भिंगें डोक्याच्या कवचांत घट्ट बसविलेलीं असतात, आंतील पडदा तेवढा इकडून तिकडे फिरतो. २०१२ सालीं जपानी संशोधकांनीं ‘हॅसेरियस ॲडन्सोनी’ ह्या जातीवर (हीहि आपल्याकडील घरांत आढळते) एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. हिरव्या उजेडांत ह्या कोळ्याची उडी भक्ष्यावर अचूक पडे. तितक्याच प्रखर तांबड्या उजेडांत ती अलीकडेच पडे. डोळ्याच्या पडद्यांतील एका थरावर उमटणारी हिरव्या प्रकाशाची आकृति किती अंधुक आहे त्यावरून तो अंतर ओळखतो, असा त्याचा अर्थ निघाला. एवढ्या डोळस प्राण्याला कपाटाच्या अंधारांत कोंडणें म्हणजे त्याला उपाशी ठेवणेंच होय. जागा उजेडाची हवी. मात्र कांचेवर थेट ऊन पडूं देऊं नये, कारण बंद बरणी थोड्याच वेळांत तापते.

बरणी साधी, रुंद तोंडाची, लोणच्याची असली तरी चालेल. वास जाईपर्यंत धुवावी म्हणजे झालें. झांकणाला बारीक भोंकें पाडावीं, किंवा झांकणाऐवजीं मलमल बांधावी. आंत एक दोन वाळक्या काड्या उभ्या कराव्या. आतां मुख्य गोष्ट. ही बया घरटें नेहमीं वरच्या बाजूस, छताला लागून बांधते. बरणी सरळ ठेविली तर तें झांकणाला चिकटतें आणि प्रत्येक वेळीं झांकण उघडतांना फाटतें. ह्यासाठीं बरणी उपडी ठेवावी. झांकण खालीं, बूड वर. खालीं दोन पट्ट्या ठेवून हवा खेळती राखावी. मग ती बुडाला घर करते, आणि आपण खालून माशी सोडली तरी तिला पत्ता लागत नाहीं.

खाणें जिवंत हवें. न हलणारें अन्न तिच्या डोळ्यांत बहुधा भरतच नाहीं. डास, घरमाशी, दिव्यावरचा बारीक पतंग, ह्यांपैकीं जें तिच्या अंगाहून मोठें नाहीं तें दर दोन-तीन दिवसांनीं द्यावें. मुंग्या घालूं नयेत. ज्या खोलींत डासांचें विजेवरचें औषध जळतें किंवा फवारा मारला जातो तेथील माशी देऊं नये आणि बरणीहि तेथें ठेवूं नये. पाण्याची वाटी नको. कांचेच्या आंतल्या बाजूस एक दोन थेंब लावले म्हणजे ती येऊन पिते.

दिवस भरत आले कीं तिचें पोट तट्ट फुगतें, ती खाईनाशी होते आणि रोजच्या घरट्यावर थरावर थर चढवूं लागते. मग एके सकाळीं ती एकाएकीं रोडावलेली दिसते. पातळ पडद्याआड, मसुराच्या आकाराची पण त्याहून मोठी अशी एक पांढरी चपटी पिशवी असते, व तिच्यावर ती आठहि पाय पसरून बसलेली असते. अंडीं बहुधा ३५ ते ६० असतात. भिंतीवरून आणलेल्या मादीचा नराशीं समागम पूर्वींच झालेला असण्याचा संभव पुष्कळ, आणि एका समागमावर ती पुढें एकापाठोपाठ अनेक वेळां अंडीं घालूं शकते. जिचा नराशीं संबंधच आलेला नाहीं अशी मादीहि अंडीं घालते. तीं फुकट जातात, व ती तीं टाकून देते किंवा खाऊन टाकते.

येथपासून पाळणाऱ्याची खरी कसोटी. आमच्या घरीं हें बाळंतपण झालें तेव्हां आमची पुतणी अकरा वर्षांची होती. बारा दिवस झाले, आई बाहेर आली नाहीं, घरट्याच्या तोंडाशीं सोडलेला डासहि तिनें घेतला नाहीं. मुलीला वाटलें कीं आंत सर्व मेलीं असावींत. टांचणीनें पिशवीची एक कड उचलून पाहूं या, असा तिचा आग्रह. शेवटीं आमच्या मातोश्रींनीं निकाल दिला. “अगं, बाळंतिणीच्या खोलींत दिवा घेऊन काय डोकावतेस? तिला बोलवायचें तेव्हां ती बोलवील!” ज्यांचा ह्या साऱ्या प्रकरणाला प्रथमपासून विरोध होता त्यांच्याच तोंडून हें निघालें. टांचणी परत डबींत गेली. चौदाव्या दिवशीं संध्याकाळीं कोळिणीनें अर्धें अंग बाहेर काढून कांचेवरचा थेंब प्याला, एक डास ओढून नेला, आणि पुनः पिशवीवर जाऊन बसली.

शास्त्रहि आजींच्याच बाजूचें आहे. घरटें फाटलें तर आईची शक्ति तें पुनः विणण्यांत जाते, आणि फार त्रास दिल्यास ती अंडीं सोडून जाते किंवा खाते. ह्या दिवसांत भक्ष्य दिलें व तें तासाभरांत घेतलें नाहीं तर काढून घ्यावें. दांडगा किडा आंत राहिला तर तो घरटें फोडतो व अंडीं खातोहि. रेशमावर पाणी उडूं देऊं नये, बुरशी धरते. थेंब मात्र एका दिवसाआड कांचेला लावीत जावा. ह्याखेरीज करण्यासारखें कांहीं नाहीं, आणि हेंच मुलांना सर्वांत कठीण जातें. मोठ्यांनाहि.

ह्याला मातृप्रेम म्हणावें काय? आंरी फाब्र ह्या फ्रेंच निरीक्षकानें जमिनीवर राहणाऱ्या एका मोठ्या कोळिणीची अंड्यांची पिशवी काढून घेऊन तिला बुचाची गोळी दिली. तिनें तीच शरीराला अडकवून तितक्याच निष्ठेनें मिरविली. आपल्या मनांतील प्रेम जसेंच्या तसें तिच्या माथीं मारण्यापूर्वीं ही बुचाची गोळी आठवावी. उलट, २०१८ सालीं चीनमधील संशोधकांनीं उड्या मारणाऱ्या कुलांतीलच ‘टॉक्सियस मॅग्नस’ ह्या मुंगीसारख्या दिसणाऱ्या जातीची हकीकत प्रसिद्ध केली. तिची आई पोटाखालून दुधासारखा रस देते. त्यांत गाईच्या दुधाच्या सुमारें चौपट प्रथिनें असतात, आणि पहिले वीस दिवस पिल्लें दुसरें कांहीं खात नाहींत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आम्हांला एवढेंच दिसतें कीं, खाणें समोर असतां तें सोडून ती बसते. त्याला नांव कोणतेंहि द्या.

तीन-चार आठवड्यांत, उष्णमानाप्रमाणें थोडें मागेंपुढें, पिल्लें बाहेर पडतात. अंड्यांतून तीं त्यापूर्वींच निघालेलीं असतात. परंतु प्रथम फिकट व दुबळीं असल्यामुळें बलकाच्या शिदोरीवर पिशवींतच राहतात आणि कात टाकून मगच उजेडांत येतात. आमच्याकडे चोविसाव्या दिवशीं सकाळीं बरणीच्या कांचेवर मोहरीएवढे जीव चालत होते, आणि प्रत्येकजण वळून पाहत होता. पिल्लांचें अंग इतकें पारदर्शक असतें कीं, डोळ्यांच्या आंतील पडदे हालतांना बाहेरून दिसतात. जर्मनींतील कॉन्स्टन्स येथील संशोधिका डॅनिएला रोस्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०२२ सालीं ह्याच गोष्टीचा उपयोग करून दाखविलें कीं, ‘एव्हार्का आर्कुआटा’ जातीचीं पिल्लें रात्रीं दोऱ्याला लोंबकळत निजलीं असतां ठराविक वेळानें त्यांचे डोळे भराभर फिरतात व पाय आखडतात. झोपलेल्या मनुष्याचे डोळे स्वप्नाच्या वेळीं फिरतात तसाच हा प्रकार. त्यांना स्वप्नें पडतात असें सिद्ध झालें नाहीं. पण प्रश्न विचारण्यासारखा झाला आहे.

पिल्लें दिसूं लागलीं कीं घाई करावी लागते. दोन-चार दिवसांत भूक लागली म्हणजे तीं एकमेकांस खातात. दोन किंवा तीन ठेवावयाचीं असल्यास प्रत्येकाला निराळी लहान बाटली द्यावी. फार पिकलें केळें उघडें ठेविलें म्हणजे त्यावर चिलटें जमतात; तींच त्यांचें पहिलें अन्न. बाकीचीं सर्व सकाळच्या वेळीं अंगणांतील जाईच्या वेलावर किंवा कुंडींतील तुळशीवर हलकेच झटकून द्यावीं. त्यांतील फारच थोडीं वांचतील. चिमण्या, पाली, मुंग्या आणि इतर कोळी ह्यांचाहि त्यांवर हक्क आहे.

आईला मात्र त्याच दिवशीं सोडूं नये. ती ह्या वेळीं इतकी क्षीण झालेली असते कीं तिची उडीहि आंखूड पडते. पिल्लें काढून घेतल्यावर तिला प्रथम पाणी द्यावें, मग एखादें चिलट, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं चांगली माशी. पोट पुनः गोल झालें म्हणजे दिवसाउजेडीं, पाल नसेल अशा खिडकीच्या चौकटीवर बरणीचें तोंड टेकवून धरावें. आमची कोळीण बरणीच्या कांठावर बराच वेळ बसली होती, मग चौकटीवर उतरली, तंतु चिकटविला आणि उडी घेऊन बाहेरच्या भिंतीवर गेली. पंधरा-वीस दिवसांनीं त्याच खिडकीच्या वरच्या कोपऱ्यांत नवें घरटें दिसलें. दिवाळीची झाडलोट तोंडावर आली होती. मातोश्रींनीं कुंचा तेवढा कोपरा सोडून फिरविला.