नदीकाठचे खेळते भांडवल

दक्षिण इंग्लंडमधील सॅलिसबरी शहरी जाणारा पाहुणा प्रथम तेथील कॅथेड्रलचा १२३ मीटर उंचीचा मनोरा पाहतो. कन्येकडे मुक्कामास असताना आम्हीही तेच केले. परंतु नदीपलीकडील हार्नहॅमच्या कुरणावर सकाळचे तिरपे ऊन पडले आणि माझे लक्ष तिकडेच खिळले. सपाट वाटणाऱ्या गवतावर समांतर सावल्या उमटल्या होत्या. जवळून पाहता ते चक्क सरी-वरंबे निघाले. आपल्या उसाच्या शेतात असतात तसे, मात्र कितीतरी अधिक रुंद. गवतासाठी कोणी सरी-वरंबे पाडते काय? या एका प्रश्नापायी पुढला आठवडा ग्रंथालयात गेला.

उत्तर मला परिचयाचे वाटले, कारण ते हिशेबाचे होते. या भागातील खडूच्या टेकड्यांवरची जमीन हलकी. तिला धान्य पिकवायचे तर खत हवे, आणि खत म्हणजे मेंढ्या. दिवसा त्या चरत आणि रात्री नांगरटीच्या शेतात कुंपण घालून कोंडल्या जात. आपल्याकडे धनगरांच्या मेंढ्या शेतात बसवतात, तीच ही रीत. अडचण होती ती मार्च-एप्रिलची. साठवलेला वाळका चारा संपत आलेला, नवे गवत उगवलेले नाही आणि कोकरांना पाजणाऱ्या मेंढ्यांची भूक मात्र वाढलेली. या मोजक्या आठवड्यांत जितक्या मेंढ्या जगवता येतील तितकेच खत, आणि तितकेच धान्य. बँकेत कर्जप्रकरणे तपासताना अनेक सुस्थितीतील व्यवसाय केवळ दोन महिन्यांच्या खेळत्या भांडवलाअभावी खुंटलेले मी पाहिले आहेत. तेथे ती उणीव गवताची होती.

ती भरून काढली नदीने. खडूच्या थरांतून झिरपून आलेल्या झऱ्यांच्या पाण्याचे तापमान उगमाशी बाराही महिने सुमारे १० ते ११ अंश सेल्सिअस असते. कडाक्याच्या थंडीत हेच पाणी कुरणावर खेळवले तर माती गोठत नाही, वर गाळ आणि चुना मिळतो, आणि गवत कित्येक आठवडे आधी वाढीस लागते. आपल्या शेतात पाणी सरीतून वाहते, येथे ते वरंब्याच्या माथ्यावरील बारीक पाटातून दोन्ही उतारांवर पातळ चादरीसारखे ओघळते, मग सरीत जमून पुन्हा नदीस मिळते. ते साचता कामा नये, कारण साचलेल्या पाण्याखाली मुळे गुदमरतात. पाण्याने दुडक्या चालीने यावे आणि चौखूर निघून जावे, असे तेथील जुने जाणकार म्हणत. हे पाणी राखणाऱ्यास ‘ड्राउनर’, म्हणजे बुडवणारा, असे नाव. काम मात्र आपल्या दारे धरणाऱ्याचे, किंवा पांझरेकाठच्या फडपद्धतीतील पाटकऱ्याचे. फुटपट्टीवर न दिसणारा उतार त्याच्या नजरेला दिसे.

रोलंड व्हॉन या जमीनदाराने १६१० मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले. चिचुंद्रीसारख्या एका बिळकरी प्राण्याने पाटाचा बांध पोखरला, आणि जेथे पाणी झिरपले तेथेच गवत हिरवेगार दिसले, अशी हकिकत त्याने नोंदवली आहे. सतराव्या शतकात ही पद्धत विल्टशायर, डॉर्सेट, हॅम्पशायरच्या नदीखोऱ्यांत पसरली. खर्च एकट्याला पेलणारा नव्हता. म्हणून जमीनदार आणि कुळे करार करीत : खर्चाचा वाटा कोणी किती उचलायचा, पाणी कोणास केव्हा मिळायचे. पाण्याची पाळी चुकवणारा शेजारी सर्व देशांत असतोच. करार त्याच्यासाठीच असावेत.

सुमारे अडीचशे वर्षे हा व्यवहार फायद्यात चालला. १८७० नंतर परदेशी धान्य स्वस्तात येऊ लागले, पुढे रासायनिक खतांनी लवकर गवत दिले आणि मेंढ्यांच्या खताची गरजही उरली नाही. पाट उपसणाऱ्या मजुरांची रोजंदारी मात्र वाढतच गेली. माझ्यापुढे असे प्रकरण आले असते तर मीही नवे कर्ज नाकारले असते, हे प्रामाणिकपणे सांगतो. ताळेबंदात या कुरणांची किंमत शून्य झाली. कित्येक नांगरली गेली. एकदा सपाट झालेले वरंबे पुन्हा रचणे जवळजवळ अशक्य, कारण तो बोटभर उतार हाताने आणि नजरेने साधलेला होता.

डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने युरोपातील सात देशांच्या पारंपरिक सिंचनाचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. इंग्लंड त्यात नाही. तरी हार्नहॅमला १९९० साली स्थापन झालेल्या न्यासामुळे हिवाळ्यात आजही कुरणावर पाणी सोडले जाते आणि वसंतात मेंढ्या चरतात. इतर खोऱ्यांत मागे उरल्या आहेत त्या खुणा. परतीच्या वाटेवर आगगाडीतून मला अशी एक दिसली : गवताळ शेताच्या मधोमध विटांचे दोन खांब, त्यांच्यामध्ये कुजलेली फळी, आणि आसपास पाण्याचा थेंबही नाही.