गेटचा स्कोअर म्हणजे नोकरीचा अर्ज नव्हे

‘आधी गेटमध्ये चांगला स्कोअर मिळवू, कंपन्यांचे पुढे पाहू’ हा विचार अनेक नव्या अभियंत्यांना महागात पडू शकतो. गेट ही तीन तासांची, 65 प्रश्नांची, 100 गुणांची परीक्षा. तिचा स्कोअर निकालापासून तीन वर्षे ग्राह्य असतो. पण एनटीपीसी, पॉवर ग्रिड यांसारख्या सरकारी कंपन्या अभियंता प्रशिक्षणार्थी निवडताना कोणत्या वर्षाचा स्कोअर चालेल, हे आपापल्या जाहिरातीत ठरवतात. वयोमर्यादा, पदवीची शाखा, गेटचा पेपर, पदवीतील किमान गुण या अटीही तिथेच असतात आणि प्रत्येक कंपनीकडे अर्ज स्वतंत्र करावा लागतो.

स्कोअरच कमी आला, तर जाहिरात वाचून काय उपयोग, हा आक्षेप रास्त वाटेल. मात्र अट पुरी न करणाऱ्याचा उत्तम स्कोअरही छाननीत बाद होतो. उलट, पदवीच्या गुणांची अट वेळीच कळली, तर उरलेल्या सत्रांत कसर भरून काढता येते. म्हणून अभ्यासाच्या पहिल्याच आठवड्यात आपल्या शाखेच्या गेल्या दोन-तीन वर्षांच्या जाहिराती वाचा.