देव बोलतो ते ओळखायचं कसं?

(डोंबिवलीत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, मघाशी मी आत येत असताना कल्याणहून आलेल्या एका ताईंनी मला दारातच थांबवलं. म्हणाल्या, "सर, आमच्या प्रार्थनासभेत दर आठवड्याला कोणी ना कोणी उठून साक्ष देतं, देव माझ्याशी बोलला म्हणून. मी वीस वर्षं प्रार्थना करतेय, मला काहीच ऐकू येत नाही. माझा विश्वास कमी आहे का?" मी टिपणं काढून आणली होती, ती आता बाजूला ठेवतो. ताईंच्या प्रश्नाचंच बघू.

"बोलला" म्हटलं की आपल्याला आवाज आठवतो. पवित्र शास्त्रात आवाज आहेत, नाही असं नाही. पण शमुवेलाची गोष्ट जरा सावकाश वाचा. मुलगा मंदिरात झोपलाय. हाक येते. तो उठून एलीकडे धावतो. एकदा नाही, तीनदा. हाक देवाची आहे हे त्याला कळतच नाही. ते कळतं म्हाताऱ्या एलीला, आणि गंमत म्हणजे एलीला स्वतःला हाक ऐकू आलेलीच नाही! म्हणजे ऐकणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. दुसरं असं, की निरोप येतो तो एलीच्याच घराण्याविरुद्ध. सकाळी तो सांगायची शमुवेलाला भीती वाटते. पोरानं मनानं रचलेली गोष्ट असती, तर ज्याच्या आश्रयाला राहतो त्याच्याच विरुद्ध कशाला रचली असती? हा मुद्दा पुढे लागणार आहे, लक्षात असू द्या.

आता आपल्या माणसांकडे येतो. आपल्या कल्याण जंक्शनवरून नागपूरकडे जी लाईन जाते, तीच पुढे राजनांदगावला जाते. १८९३च्या सुमाराला नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक अनोळखी युरोपियन गृहस्थ भेटला. गप्पा झाल्या, निघताना त्यानं टिळकांच्या हातात नवा करार ठेवला. टिळकांना त्या पुस्तकाची काही आवड नव्हती, पण वाचीन असा शब्द दिला होता म्हणून वाचायला घेतलं. डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तिथे अडकले. बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ला, मुंबईत. मधली दोनेक वर्षं वाचन, शंका, पत्रव्यवहार यांत गेली. आकाशातून काही पडलं नाही. डब्यातला एक प्रवासी आणि एक पुस्तक, एवढंच. शिवाय ख्रिस्ताच्या पायाशी आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, असं टिळक सांगत. म्हणजे घरात लहानपणापासून जे कानावर पडलं होतं, तेसुद्धा देवाच्या बोलण्याचाच भाग होता, हे त्यांना मागे वळून पाहताना उमगलं.

पण मला खरं बोलायचंय ते लक्ष्मीबाईंविषयी. 'स्मृतिचित्रे' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलं असेल. नवरा ख्रिस्ती झाला आणि या बाईच्या संसाराचे दोन तुकडे झाले. काही वर्षांनी त्या टिळकांकडे परतल्या, पण सोवळंओवळं, वेगळं पाणी, वेगळा स्वयंपाक सगळं चालूच. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मग एकदा लक्ष्मीबाईंच्या मनात एक प्रश्न उठला: ही जात देवानं केली की माणसानं? जनावरांत देवानं वेगवेगळे आकार केले, ते दिसतात. माणसं तर सगळी एकाच घडणीची! मग हा भेद देवाचा कसा? झालं. त्या विचारानं त्यांना इतकं हलवलं, की पुढे कुणाच्याही हातचं खायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. १९००मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला.

इथे आवाज कुठे आहे? नाही. आहे तो साधा घरगुती तर्क, स्वयंपाकघरातला. तरीही मी याला देवाचं बोलणं म्हणेन. का? कारण त्या विचारात लक्ष्मीबाईंच्या सोयीचं काहीच नव्हतं. ज्या आचारावर त्यांचा सगळा मान उभा होता, तोच सुटत होता. शमुवेलाचा निरोप आठवतोय ना?

पंडिता रमाबाईंचा अनुभव याहून गुंतागुंतीचा आहे. इंग्लंडमध्ये त्यांनी पाहिलं, की समाजानं पतित म्हणून टाकलेल्या बायकांची धर्मभगिनी मायेनं सेवा करतात. असं का, म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना वाचून दाखवली गेली. १८८३मध्ये वाँटेजला बाप्तिस्मा झाला. पण आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला तो बऱ्याच वर्षांनी, अशी कबुली त्यांनी पुढे स्वतःच दिली. बाप्तिस्म्यानंतरही त्या आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. इथल्या पुरोहितांचं जोखड उतरवून दुसरं मानेवर घ्यायची त्यांची तयारी नव्हती. एली लागतो, पण एली म्हणजे देव नव्हे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुली आणायला त्या गेल्या, तेव्हा त्यांना काय आठवलं? स्वतःचे आईवडील आणि बहीण, जे १८७०च्या दशकातल्या दुष्काळात गेले होते. जुनं दुःखसुद्धा हाक देतं.

आता धोक्याचं सांगतो. माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांना एका प्रचारकानं सांगितलं, देवानं मला दाखवलंय, तुमची साखर गेली. त्यांनी गोळ्या बंद केल्या. पुढे पायाला जखम झाली, ती चिघळली आणि बोट कापावं लागलं. प्रचारक पुन्हा फिरकला नाही. "देवानं मला सांगितलं" असं म्हटलं की समोरच्याचं तोंड बंद होतं, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे. टिळकांशी, लक्ष्मीबाईंशी, रमाबाईंशी जे बोललं गेलं, त्यात त्यांची बुद्धी बंद पडली नाही, उलट जास्तच कामाला लागली. आणि त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली, दुसऱ्याच्या पायाच्या बोटानं नाही. (जन्मभर तत्त्वज्ञान शिकवल्यामुळे सॉक्रेटिस आल्याशिवाय राहवत नाही: त्याचा आतला आवाज त्याला फक्त थांबवायचा, कधी कामाला लावत नसे, आणि दुसऱ्यांवर हुकूम तर अजिबात सोडत नसे.)

लोयोलाच्या इग्नेशियसनं १५२१मध्ये जखमी होऊन अंथरुणात पडल्यापडल्या एक गोष्ट टिपली. पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा यायची, पण नंतर मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगावं हा विचार अवघड होता, पण नंतरही मन शांत राहायचं. त्या क्षणी दोन्ही गोडच. फरक कळायचा तो नंतर. म्हणून घाई नको. टिळकांना दोन वर्षं लागली, रमाबाईंना त्याहून जास्त.

तर ताई, तुमचा विश्वास किती आहे, हे मी इथून कसं मोजणार? पण तुम्ही जे सांगितलंत त्यावरून एक विचारतो. या वीस वर्षांत एखादं वचन, एखादं माणूस, एखादी गोष्ट अशी आहे का, जी पुन्हा पुन्हा समोर येते आणि तुम्ही दर वेळी बाजूला सारता? उत्तर मला नका देऊ. घरी जाऊन, तुमची हांजी हांजी न करणाऱ्या एखाद्या जुन्या विश्वासू मैत्रिणीला सांगा, आणि ती काय म्हणते ते ऐका.

बरं, दहा मिनिटं आहेत, प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्यांनी जरा माईक हातात घ्या, मला कमी ऐकू येतं.